काकूंच्या बागेच्या तीन प्रती

लिंबाला कळी आल्याची बातमी आली तो दिवस अगदी साधा, इतर कुठल्याही दिवसासारखा होता. कार्बनकाका दाढी करत होते. उजवा गाल झाला होता, डावा फेसात होता, आणि काकूंचा फोन वाजला.

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांचा फोन चालू होता. काका तो रोज चार्जिंगला लावायचे, वेळच्या वेळी रिचार्ज करायचे आणि कशाला म्हणून कोणी विचारलंच तर म्हणायचे, "असू दे." (काकांच्या आयुष्यातले बहुतेक महत्त्वाचे निर्णय या दोन शब्दांत मावतात.)

"काकू आहेत का?" फोनवर पुरुषाचा आवाज होता, घाईतला पण आनंदी.

"नाहीत. मी त्यांच्या घरून बोलतोय."

"अरे वा! म्हणजे तुम्हीच का ते जास्त पाणी घालणारे?"

काकांच्या गालावरचा फेस हळूहळू गळ्याकडे निघाला होता.

"मी दातांचा डॉक्टर. काकूंना एवढंच सांगा, त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं तसंच केलं. कुंडी मोठी घेतली, लिंबाच्या मागे लागणं सोडून दिलं, आणि आज सकाळी कळी! पण आता पुढे काय करायचं ते विचारायला दोनतीनदा लिहिलं, तर उत्तर नाही. रागावल्या का हो माझ्यावर?"

"नाही, नाही. रागावलेली नाही."

"मग?"

आता इथे एक साधं वाक्य बोलायचं होतं. नातेवाइकांना, जुन्या ऑफिसातल्यांना, पेपर टाकणाऱ्याला काकांनी ते कितीदा तरी सांगितलेलं होतं. पण हा माणूस एका कळीसाठी इतका खूश होता, की काकांनी ते वाक्य बाजूला ठेवलं.

"बाहेर गेली आहे," काका म्हणाले.

"कधी येतील?"

"तसं काही बोलली नाही."

"असं होय. आल्या की सांगा. आणि तुम्ही पाणी कमी घाला हो!"

फोन ठेवल्यावर काकांनी डावा गाल केला, आणि मग उजवा झालाय हे विसरून तोही पुन्हा केला.

या डॉक्टरांना काकांच्या पाण्याची माहिती कुठून, तर काकूंच्या वेबसाइटवरून. 'काकूंची बाग' तिचं नाव. बाग म्हणजे घराची गॅलरी, आणि तिच्यात कुंड्या इतक्या की कपडे वाळत घालायला काकांना एका पायावर उभं राहावं लागे. कोणाचा गुलाब रुसला, कोणाच्या मनीप्लँटने मान टाकली की लोक तिथल्या चौकटीत प्रश्न लिहून पाठवायचे आणि काकू उत्तर लिहायच्या (खाली त्यांचा फोन नंबरही होता). उत्तरात बहुतेक वेळा एक पात्र येई: 'आमच्या घरातले हे'. एका ठिकाणी काकूंनी लिहिलं होतं, "झाडं दुर्लक्षाने कमी मरतात, प्रेमाने जास्त. आमच्या घरातले हे याचं जिवंत उदाहरण आहेत. म्हणजे हे जिवंत आहेत, झाडं गेली." अशा प्रकारे काका कधीही न भेटलेल्या शेकडो लोकांत प्रसिद्ध होते.

उत्तरांबरोबर फोटो असायचे. पानाचा डाग केवढा, कीड केवढी ते कळावं म्हणून काकू प्रत्येक फोटोत पानाशेजारी आपलं बोट धरायच्या. स्वतःचा फोटो काढू द्यायच्या नाहीत ("माझं काय बघायचंय, झाड बघा"), त्यामुळे काकूंचा चेहरा असलेले फोटो घरात मोजकेच. बोटाचे मात्र वेबसाइटवर हजारो (तिथे चढवले की काकू फोनमधले पुसून टाकायच्या). तर्जनी, नखात थोडी माती.

काकांनी दुपारी लेकीला फोन केला. ती शाळेत गणित शिकवते. मधल्या सुट्टीत होती.

"वेबसाइटवर एक ओळ टाकायची आहे," काका म्हणाले. "की काकू आता नाहीत. लोकांना वाटतंय ती रागावली आहे."

मुलांच्या गलक्यातून ती जरा बाजूला गेली. मग लेक म्हणाली, "मी टाकते ना बाबा. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही. मी टाकणार."

"बरं. मग माझ्या नवऱ्याला विचार, तो आज घरूनच काम करतोय. पण एक ऐक. काहीही बदलायच्या आधी सगळ्याचा बॅकअप घे. आधी बॅकअप, मग बदल. कळलं?"

कार्बनकाकांना बॅकअप घ्यायला सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला, पाण्यात जरा पाय बुडव, असं सांगण्यापैकी होतं. काकांची सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. मूळ कागदाला हात लावायच्या आधी त्याच्या तीन प्रती, हा त्यांचा नियम: एक दफ्तरी, एक टेबलावर आणि तिसरी 'असू दे' म्हणून. कचेरीत झेरॉक्सचं मशीन आलं तेव्हा लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, काका मात्र पुढची कित्येक वर्षं खिशात कार्बन पेपरची घडी बाळगून होते. लग्न ठरल्यावर त्यांनी काकूंना पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा काकूंना जे मिळालं ते निळसर आणि जरा पुसट होतं. मूळ पत्र काकांनी दफ्तरी ठेवलं होतं. "मला आयुष्यभर हेच वाटत आलंय," काकू पाहुण्यांना सांगायच्या, "की यांचं खरं प्रेम कुठल्यातरी कपाटात फाइलला लावलेलं आहे, मला फक्त प्रत मिळाली."

तर काकांनी कॉम्प्युटर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि जावयाला हाक घातली.

इथे या दोघांबद्दल थोडं सांगायला हवं. सासरा आणि जावई, दोघेही सज्जन. काका जावयाला 'अहो जावईबापू' म्हणायचे आणि त्याचा वेळ घेतला म्हणून दर दहा मिनिटांनी माफी मागायचे. जावई कॉम्प्युटरमधला जाणकार. ऑफिसात भल्याभल्यांना चुका दाखवणारा. पण सासऱ्यांना 'हे चुकलं' म्हणायची त्याच्यात ताकद नव्हती. फार झालं तर म्हणायचा, "चालेल." त्याच्या 'चालेल'चे निदान पाच प्रकार होते आणि त्यातल्या एकाचा अर्थ 'देव करो आणि काही न होवो' असा होता. काकांना ते सगळे सारखेच ऐकू येत.

"बाबा, ती काळी खिडकी उघडलीत?"

"उघडली. आत कोणी नाही."

"एक छोटी रेघ लुकलुकतेय का?"

"लुकलुकतेय."

"ती तुमची वाट बघतेय."

"तिला म्हणावं बस," काका म्हणाले. "मी चष्मा आणतो."

चष्मा आला. जावयाने समजावून सांगितलं: वेबसाइट म्हणजे लांबच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली खोली. या काळ्या खिडकीतून आपण त्या खोलीत जायचं. माउस वगैरे काही नाही, जे करायचं ते टाइप करून सांगायचं, आणि एंटर दाबलं की झालंच, 'नक्की का?' असं इथे कोणी विचारत नाही.

"हे बरं आहे," काका म्हणाले. "कचेरीत फार विचारायचे."

मग जावई एकेक अक्षर सांगत गेला आणि काका ते टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दहाही बोटांनी, ताठ बसून, टाइप करत गेले. हुकूम असा होता की खोलीतल्या सगळ्या वस्तूंचं एक गाठोडं बांध, आणि बांधताना प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने वाच. त्यापुढे गाठोड्याचं नाव. काकांनी ठेवलं 'प्रत-एक'.

"बाबा, हे गाठोडं... म्हणजे मी काय म्हणतो, ते या खोलीच्या बाहेर ठेवलं तर?"

"बाहेर? बाहेर कशाला? घरातली वस्तू घरात राहू दे."

पलीकडे एक श्वास ऐकू आला. "चालेल," जावई म्हणाला.

काकांनी एंटर दाबलं आणि पडद्यावरून नावं सरकू लागली.

काकूंनी फोटोंना नावं दिली होती, हे काकांना माहीत नव्हतं. वेबसाइटवर फोटो दिसायचे, नावं दिसायची नाहीत. ती आता दिसली. 'रुसलेला गुलाब'. 'गुलाब, समजूत काढल्यावर'. 'पुन्हा पाणी'. 'हे कोणी केलं'. 'ह्यांनीच केलं'. 'विचारलं तर नाही म्हणतात'. 'निवडुंग, बिचारा'. 'निवडुंगालासुद्धा पाणी घातलं'. 'आज कोणी घरी नाही, झाडं खूश'. 'ह्यांनी आणलेलं रोप, बरं आहे'. 'बरं आहे म्हटलं ते सांगू नये'.

नावं भराभर वर जात होती. काका एक वाचेपर्यंत चार निघून जात. "अहो, जरा हळू," असं ते चक्क पडद्याला म्हणाले. मग रेघ पुन्हा लुकलुकू लागली.

"झालं बाबा. बॅकअप झाला. आता ओळ—"

"एक झाली," काका म्हणाले. "अजून दोन घ्यायच्या आहेत."

"दोन कशाला?"

"एक टेबलावरची, एक असू दे."

"बाबा, खरं म्हणजे एक पुरे..." जावयाने सुरुवात केली, पण त्याच्या ऑफिसची मीटिंग सुरू होत होती. "चालेल. तोच हुकूम परत द्या, फक्त नाव बदला. आणि काही वस्तू काढून टाकायचा जो हुकूम मी मघाशी बोलता बोलता सांगितला, तो मात्र द्यायचा नाही हं."

"छे छे," काका म्हणाले. (तो त्यांनी लिहून ठेवला होता. तीन ठिकाणी.)

'प्रत-दोन' घेताना सुरुवातीलाच 'प्रत-एक' हे नाव आलं आणि तिथे गाडी बराच वेळ थांबली. साहजिक होतं, खोलीतलं सगळं बांधायचं म्हटल्यावर खोलीत ठेवलेलं पहिलं गाठोडंही बांधलं जाणार. काकांना यात काही गैर दिसलं नाही, उलट काम कसोशीने होतंय याचा आनंद झाला. मग पुन्हा नावं आली. या वेळी काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि अगोदर निसटलेली काही पकडली. 'गॅलरीत उभे राहून गातात'. 'गाणं ऐकून भिजलेली जास्वंद'. 'हसू नका, गंभीर रोग आहे'.

तिसरी प्रत कशासाठी होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. काकांच्या आलं नव्हतं. त्यांच्या मते ती नियमाप्रमाणे होती.

पण तिसऱ्या वेळी पहिलंच नाव 'प्रत-दोन' आलं आणि तिथे जे अडकलं ते हलेना. काका वाट बघत बसले. तेवढ्यात काकूंचा फोन पुन्हा वाजला. काका दुसऱ्या खोलीत धावले.

"काका ना? पाणीवाले? मी बँकेत असते. काकूंच्या पानावर मी प्रश्न लिहिला तर 'जागा शिल्लक नाही' असं येतंय. माझा प्रश्न काही मोठा नाही हो, दोन ओळींचा आहे."

काकांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. भाड्याची खोली छोटी. पहिलं गाठोडं खोलीएवढं, दुसऱ्यात पहिलं धरून दोन खोल्यांएवढं, आणि तिसऱ्याच्या पोटात... जागा संपली होती. आता काकूंच्या बागेत एका प्रश्नालाही शिरायला जागा नव्हती.

"तुमचा प्रश्न काय आहे?" काकांनी वेळ मारून नेण्यासाठी विचारलं.

"पानं पिवळी पडतायत. कुंडीतली मोगऱ्याची."

"पाणी किती घालता?"

"दोनदा. कधी तीनदा. उकडतं ना त्याला."

काकांनी डोळे मिटले. "बाई," ते म्हणाले, "माझं ऐका. हात मागे बांधून बसा."

"हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगणार. दुसऱ्या कोणाला एवढा अनुभव आहे?"

बाई हसल्या. काकांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं: आपल्याला यातलं कळतं असं धरून चालले. जावई मीटिंगमध्ये होता. त्याला कशाला त्रास द्यायचा? जागाच करायची होती ना? रेकॉर्ड रूममध्ये उभा जन्म त्यांनी दुसरं काय केलं होतं?

रेकॉर्ड रूमचा पहिला नियम: फडताळ भरलं, की ज्यांच्या प्रती झाल्या आहेत ते मूळ कागद आधी हलवायचे. पडद्यावर रेघ पुन्हा लुकलुकत होती, म्हणजे फोटोंच्या तर तीन प्रती झाल्या होत्या. काकांनी चिठ्ठी काढली, काढून टाकायचा हुकूम नीट, एकही चूक न करता टाइप केला, पुढे फोटोंच्या कप्प्याचं नाव घातलं आणि एंटर दाबलं. कोणी विचारलं नाही, नक्की का म्हणून.

दोन मिनिटांत बँकेतल्या बाईंचा फोन. "काका, प्रश्न गेला! पण फोटो कुठे गेले? सगळीकडे नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत."

"येतील, येतील. झाडलोट चालू आहे."

आता फोटो परत जागेवर लावायला एक गाठोडं सोडायला हवं होतं. पण सोडून पसरायला जागा? दुसरा नियम काकांच्या मदतीला धावला: नवी प्रत तयार झाली की जुन्या रद्द. शिवाय तिसरीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात पहिली. मग बाहेर दोघींचं काय काम? काकांनी 'प्रत-एक' काढली. 'प्रत-दोन' काढली. भरपूर जागा झाली. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि 'प्रत-तीन' सोडली.

पहिलं नाव आलं 'प्रत-दोन'. जरा वेळ गेला. मग दोन ओळी उमटल्या, ज्यांचा अर्थ साधारण असा होता की फाइल अचानक संपली, पुढे काही नाही.

काकांनी पुन्हा प्रयत्न केला. पुढे काही नाही.

जागा संपली तेव्हा तिसरं गाठोडं अर्धवटच बांधलेलं राहिलं होतं. त्यात फोटोंपर्यंत हात पोचलाच नव्हता. नियम दोन्ही बरोबर होते, काकांनी ते दोन्ही बरोबर पाळले होते, आणि काकूंचं एकही बोट आता कुठे नव्हतं.

काका उठून गॅलरीत गेले. तिथे ज्या कुंड्या उरल्या होत्या त्यांना पाणी घातलं. मग सकाळीच घातलं होतं हे आठवलं.

लेक शाळेतून थेट वडिलांकडेच आली. खांद्यावरची तपासायच्या वह्यांची पिशवी तिने खाली ठेवली. काका खुर्चीत बसले होते, चष्मा हातात.

"टाकली ओळ?"

"एक छोटीशी अडचण आली," काका म्हणाले.

लेक पडद्यासमोर बसली. वर वाचत गेली. काय काय टाइप केलंय ते सगळं तिथे ओळीने दिसत होतं. काळी खिडकी चुगलखोर असते.

"बाबा."

"हो."

"बाबा, हे काय केलंस तू? फोटो काढून टाकलेस?"

"त्यांच्या तीन प्रती होत्या."

"त्या कुठायत?"

"दोन काढल्या."

"आणि तिसरी?"

"तिसरी असू दे म्हणून ठेवली," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. "पण ती नाहीये."

लेकीने पडद्यावरच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. ती नेहमी बोलणारी मुलगी, आईवर गेलेली. ती बोलली असती तर काकांना सोपं गेलं असतं. तिने नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आईचे सगळे फोटो गेले," ती म्हणाली. "तू त्यांना गाठोडं त्याच खोलीत ठेवू दिलंस? तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," जावई म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बाबा आहेत ना इथे?"

"मी आहे," काका म्हणाले. "जावईबापू, तुमची काही चूक नाही. तुम्ही तो हुकूम देऊ नका म्हणाला होतात. मी दिला."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "बाबा, एक गोष्ट सांगू? रागावणार नसाल तर?"

"आता मी कोणत्या तोंडाने रागावू?"

"मी आधीच एक प्रत घेऊन ठेवली होती. हिचा मधल्या सुट्टीत फोन आला, लगेच घेतली. तुमच्याशी बोलायच्या आधी. माझ्याकडे आहे. सगळे फोटो आहेत."

गॅलरीत कुंड्यांतून जास्तीचं पाणी खाली ठिबकत होतं.

"म्हणजे तू आख्खी दुपार..." लेकीने सुरुवात केली.

"बाबांना स्वतः करायचं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतंत की," काका म्हणाले. "म्हणजे मी असा इथे बसलो नसतो."

"तुम्हाला वाटलं असतं, माझा तुमच्यावर विश्वास नाही."

"आणि होता?"

जावई सज्जन माणूस. त्याने क्षणभर 'चालेल'सारखा एखादा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

"नव्हता, बाबा," तो म्हणाला.

काका हसू लागले. लेकीलाही हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले ते काकांनी पाहिलं नाही, कारण ते स्वतःचा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता. "पहिल्यांदा मला कोणीतरी चोख माणूस भेटला," ते फोनकडे बघून म्हणाले. "रेकॉर्ड रूममध्ये असतात तर हेडक्लार्क झाला असतात."

जावयाने आपलं गाठोडं वेबसाइटच्या खोलीत पाठवलं. ते मीच सोडणार, असं काकांनी सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, माझ्यासमोर. आणि मी एंटर म्हणेपर्यंत एंटर नाही." काकांनी टाइप केलं, तिने दोनदा वाचलं, म्हणाली, "एंटर."

नावं सरकू लागली.

लेकीनेही ती पूर्वी पाहिली नव्हती. "थांब, हे काय?" ती पडद्याला नाक लावून वाचू लागली. "'ह्यांनीच केलं'... बाबा! 'विचारलं तर नाही म्हणतात'... अगं आई गं. 'लेकीचा फोन आला नाही, जाई कोमेजली'..." ती थांबली. "हे खरं का रे? फोनचं?"

"जाईला कीड होती," काका म्हणाले. "तुझी आई कशाचंही खापर कोणावरही फोडायची."

नावं संपली. लेकीने वेबसाइट उघडली. रिकाम्या चौकटी भरल्या होत्या. पानं, डाग, किडे, आणि प्रत्येकाशेजारी नखात माती असलेलं बोट, जणू काही दाखवून देतंय.

"चला," जावई फोनवरून म्हणाला. "आता सगळं जागेवर आहे. आता ती ओळ टाका बाबा. मी थांबतो."

काकांनी पहिलं पान उघडलं. वर काकूंचं वाक्य होतं, 'विचारा, लाजू नका. झाड मेलं असेल तर खरं सांगा.' त्याच्याखाली थोडी मोकळी जागा होती. तिथे काकांनी बोटं ठेवली. दहाही बोटं, ताठ बसून.

लुकलुकणारी रेघ वाट बघत होती.

"थांबा," काका म्हणाले. "आधी एक प्रत घेऊ."

"बाबा, आत्ता तर सगळं नीट लावलं," लेक म्हणाली.

"पण बदल करायच्या आधी घ्यायची असते ना? तूच म्हणालीस. आधी बॅकअप, मग बदल."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली. "बाहेर ठेव पण," ती म्हणाली.

"बाहेर ठेवतो."

त्यांनी प्रत घेतली. नावं पुन्हा आली, आणि दोघं ती शेवटपर्यंत वाचत बसली. तिकडे जावई फोन धरून थांबला होता, त्याला कोणी जा म्हणून सांगायचंच विसरलं. मग लेकीला वह्या तपासायच्या होत्या, ती गेली.

आता काकांचा हात चांगला बसला आहे. चिठ्ठी लागत नाही. दर दोनचार दिवसांनी ते ओळ टाकायला बसतात, आधी नियमाप्रमाणे प्रत घेतात, ती खोलीच्या बाहेर ठेवतात, जुनी रद्द करतात आणि जागा किती उरली तेही बघतात. जावई म्हणतो, इतका व्यवस्थित बॅकअप त्यांच्या ऑफिसातसुद्धा कोणी घेत नाही, आणि हे तो मनापासून म्हणतो. मधूनमधून काकूंचा फोन वाजतो, आणि काका लोकांना पाणी कमी घालायला सांगतात.

ओळ टाकायची अजून राहिली आहे.